जास्ती

सांबऱ्याच्या काउंटरवर पोरगी म्हणाली,
“एरडु किलो जास्ती, काका.”
जास्ती दोन्ही भाषांत सारखंच.

बॅग उघडली. वर स्वेटर, खाली तांदूळ,
येळ्ळूरचा, मेव्हण्याच्या शेतातला.
एक पिशवी काढून
भरमाण्णाच्या हाती परत धाडली.

खिडकीचे साडेतीनशे मात्र दिले,
हुज्जत न घालता.

विमान तासभर उशिरा. पाणी विकत.
गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतलेले,
त्यानं दोनदा वळून बघितलं.

मग धावपट्टी सुरू झाली
आणि मी डोळे मिटून मोजलं:
बांध, विहीर, चिंच,
पुन्हा बांध.
बाबांचे दीड एकर
दोन धक्क्यांत संपले.

शेजारचा वाकून म्हणाला,
“खिडकीला एवढे दिलात?
नुसता पंख दिसतोय की.”