पोच

आधीच सांगून ठेवतो :
घासलं की तांबं थोडं जातंच.
कल्हईवाला कितीही हलक्या हाताचा असो,
गिऱ्हाइकाच्या भांड्यातलं रतीभर
दर खेपेला मोरीत सोडतो.
याला चोरी म्हणत नाहीत,
झळाळी म्हणतात.

मराशच्या तांबट गल्लीत आता आम्ही सहा जण.
भूकंपाआधी चाळीस हातोडे एकदम वाजायचे.
आता दुकानात बसून
फोनवर बोलता येतं.

रमजानला आठ दिवस होते तेव्हा नेरिमान आली,
कंटेनरांच्या वसाहतीतून, दोन बस बदलून,
गोणपाटात गुंडाळलेलं पातेलं कडेवर घेऊन.
लेकरू घेतात तसं नाही,
भांडं घेतात तसंच, काठ कमरेत रुतवून.

काळं ठिक्कर. आत सिमेंटची पुटं.
"अकराव्या दिवशी ढिगाऱ्यातनं निघालं," म्हणाली.
"आईचं आहे. आतून कल्हई कर, बाहेरून लखलखीत कर,
पण ही पोच ठोकून काढू नकोस.
त्या पहाटेची आहे. चार वाजून सतरा मिनिटांची."
बोट ठेवून दाखवली : बुडाशी, जर्दाळूएवढी.

मी पैसे सांगितले. तिनं घासाघीस केली नाही.
ढिगाऱ्यापाशी बसून आलेली माणसं करत नाहीत.

ती चहाला गेली.
मी वाळू ओतली, चिंध्या टाकल्या, बूट काढले,
भिंतीतली खुंटी धरून पातेल्यात उभा राहिलो,
नवव्या वर्षापासून राहत आलोय तसा.
कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे.
पर्यटक म्हणतात, म्हातारा नाचतो.
नाचत नाही. घासतो.

तिसऱ्या वळणाला डाव्या टाचेला उंचवटा लागला.
डोळ्यांनी ओळखला नव्हता.
टाचेनं ओळखला.

वेय्सेल उस्तादांचं दुकान. मी पोर.
घासलेलं पातेलं ओल्या हातांतून निसटलं.
तीन दगडी पायऱ्या, तीन आवाज.
तिसरा आवाज म्हणजे ही पोच.
उस्तादांचा हात माझ्या कानशिलापर्यंत येईतो
पातेल्याची मालकीण हसली होती.
झेलिहा हानिम. नाव काठावर अजून आहे,
पहिलं अक्षर झिजून नुसता ओरखडा उरलेलं
(त्यातलं निम्मं माझ्याच टाचांनी, बोटांनी नेलंय).
"राहू दे," म्हणाली, "आता लग्नाघरी
माझं पातेलं दुसऱ्याच्या पातेल्यांत हरवायचं नाही."
आणि खिशातून तुतीची पोळी काढून
निम्मी मोडून माझ्या हातावर ठेवली.
काळा हात. तशीच खाल्ली.

म्हणजे सात मजले अंगावर येऊन
या पातेल्याला काही झालं नाही.
जी काय इजा, ती माझी.

कच्च्या द्राक्षांचा रस न् मीठ लावून बाहेरून चोळलं.
काळ्यातून आधी तपकिरी आलं,
मग एकदम ते लाल,
जे पाहून या वयातही मी हात थांबवतो.
मग भाता. मग नवसागर, त्याचा पांढरा खोकला.
कथलाची कांडी टेकवली, थेंब पळाला,
कापसाच्या बोळ्यानं त्याला चहूकडे पांगवलं.
पोचेपाशी कथील जरा अडलं,
वळसा घालून पुढे गेलं.

ती दारात आली तेव्हा ओठांवर आलं होतं.
सांगितलं असतं तर तिसऱ्या पायरीशी हसणारी आई
तिला मिळाली असती.
पण ती पहाट मग तिनं कुठे ठेवायची?
कंटेनरात फळीसुद्धा नाही.
जर्दाळूएवढी जागा होती,
तीही मीच काढून घ्यायची?

तिनं अंगठा फिरवला. "राहिली ना?"
"राहिली."

तुतीच्या पोळीची पोच
पंचेचाळीस वर्षं द्यायची राहिली होती.
शंभर लिरा तिला परत केले.
"हे कशाचे?" म्हणाली.
मी म्हटलं, तांबं थोडं गेलंय.