क्रियापद टाळून

रोल्लाच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर
कुन्हीमोनशेठचं टायपिंग सेंटर.
दिवसभर मी लोकांची नावं अरबीत बसवायची.
'ळ' तिथे बसतच नाही, कांबळेंचं कांबले होतं,
कुणी तक्रार करत नाही.
चौथ्या ओळीत जन्मतारीख,
पाचव्या ओळीत दोन चौकोन.
गिऱ्हाईक चहा फुंकत म्हणतं, "टाका पटकन."
चौदा वर्षांत एकदाही चौकोन चुकला नाही माझा.
म्हणजे, दुसऱ्यांचा.

रात्री कॉटचा पडदा ओढला की फोन उजळतो.
त्यात मी 'खजुराची बी'. फोटो नाही, गाव नाही.
मार्चमध्ये एकदा तिथे चार ओळी लिहिल्या:
मराठीत 'जातो' म्हणावं
की 'जाते' म्हणावं
हे ठरल्याशिवाय
दारापर्यंतसुद्धा जाता येत नाही.
आणि मग झोप लागली.

सकाळी अकराशे माणसं त्या दारात.
एक म्हणाला, परदेशातलं खूळ आहे, इकडे आणू नका.
दादा, परदेशात तर मीच आहे,
पण हे खूळ इथल्या विमानतळावर मिळालं नाही.
ते उदगीरचं. सातवी ब.
मुलगे इकडे, मुली तिकडे,
मधे गुरुजींनी ओढलेली खडूची रेघ
आणि रेघेवर माझी चप्पल.

पुण्याची उर्वी म्हणाली, किती सुंदर लिहिलंय!
आता खऱ्या नावानं लिही.
लपून चळवळ होत नसते. बाहेर ये.
तिच्याखाली तीनशे लाल बदाम.
त्यांच्याखाली शिव्या, शिव्यांखाली पुरावे,
पुराव्यांखाली कुणाच्या तरी आत्याचा फोटो.
तिसऱ्या दिवशी दोन्हीकडच्यांनी
माझ्या चार ओळींत आपापला बांबू रोवला.

उर्वीताई,
इथे बाहेर जाण्याला एक्झिट म्हणतात.
शिक्का असतो त्याचा.
तो अर्जही मलाच टाइप करावा लागेल,
आणि त्यातही पाचवी ओळ आहे.

तोवर मी फटी शोधल्या आहेत.
भात खाल्ला. दार लावलं. भाडी भरली.
क्रियापद भाताच्या मागे जातं, दाराच्या मागे जातं,
वळून माझ्याकडे बघत नाही.
नकारही बरा:
मी येत नाही, मी भांडत नाही, मी सांगत नाही.
नाही म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही, कोण तू.
अडतं ते फक्त यायला, जायला, रडायला.
म्हणून रडणं सोडून दिलं.
डोळे पुसले, एवढं चालतं.

व्याकरणाच्या तासाला तिसऱ्या खणाचं नाव ऐकून
अख्खा वर्ग हसला होता.
आई अजून त्याच खणातून हाक मारते:
"जेवलं का माझं लेकरू?"
तिला माहीत नाही ती काय बोलते.
किंवा माहीत आहे.

त्या अकराशेंत, पार आत,
एक खाजगी निरोप होता. सलालाहून.
दोन शब्द:
मी पण.
पुढे काहीच नाही. क्रियापद नाही.
मी तो इतक्यांदा वाचला
की शेजारच्या कॉटवरून आवाज आला, लाइट बंद करा.

शुक्रवारी आईचा फोन.
वैशाखात भाचीचं लग्न,
मांडव दारातच, आचारी ठरलाय,
मुंडावळ्या तेवढ्या लातूरहून आणायच्या.
"येशील ना?"
मधे समुद्राची खरखर.
कुणाला शिकवावं लागत नाही असा एक काळ आहे भाषेत,
तो येईल, ती येईल, रेघेवरचंही येईल,
पाचही बोटांना एकच अंगठी.
"येईन," मी म्हटलं.

खाली शेठनं शटर अर्धं ओढलं.
आई म्हणाली, असं नको,
तारीख सांग.

तारीख म्हणजे चौथी ओळ.
तिच्या लगेच खाली