जिथे दुखतं तिथे

मशिदीतल्या उस्तादांनी अम्मीला लहानपणीच शिकवलं होतं:
दुखतं तिथे उजवा हात ठेवायचा,
तीनदा त्याचं नाव घ्यायचं,
मग सात वेळा आसरा मागायचा,
जे दुखतंय त्यापासून
आणि ज्याची धास्ती वाटते त्यापासूनही.

पण अब्बांना सांगता येत नाही कुठे दुखतं.
बांबोळीच्या हॉस्पिटलात ही सहावी रात्र.
उजवं अंग आणि जीभ एकाच पहाटे गेली,
वजू करताना. तांब्या हातातून निसटला
आणि अम्मी आधी तांब्यावरच रागावली.

म्हणून ती सगळीकडेच हात ठेवते.
कपाळापासून निघते,
वाळपईच्या स्टँडवरून सव्वापाचची पहिली गाडी निघावी तशी.
मी मनात थांबे मोजतो.
भुवया, होंडा. गळा, साखळी.
छातीवर डिचोली, तिथे ती जरा जास्त थांबते,
तिथे नेहमीच गर्दी.
पोटावरून म्हापसा, मांडीवर पर्वरीचा उतार,
आणि शेवटी उजवं पाऊल.
एकतीस वर्षं ब्रेकवर होतं ते.
आता त्याला चादर लागली तरी कळत नाही.

मी साखळीला औषधाच्या दुकानात कामाला.
कुठल्या गोळीने रक्त पातळ होतं,
कुठल्या पट्टीमागे किती सुटतात, सगळं पाठ.
दुआ मात्र अर्धीच पाठ.
तिच्यात म्हटलंय, अशी शिफा दे
की मागे दुखण्याचं पैभर देणं उरू नये.
मला वाटतं, एवढं कशाला मागायचं?
मी उधारीवर तयार आहे.
एक हात दे, बाकीचं पुढच्या महिन्यात बघू.
एक शब्द दे.
शिवीसुद्धा चालेल.

अम्मी म्हणते, त्याच्याकडे मागताना
कोणी मापात मागतं का?

येणारे जाणारे म्हणतात, हरकत नाही,
आजारात माणूस धुऊन निघतो.
मी हिशेब मांडून पाहिला, काय काय धुवायचं आहे:
कारापूरच्या वळणावर चाकाखाली आलेलं एक कुत्रं
(अब्बा त्यापायी दोन दिवस जेवले नव्हते)
आणि आडव्या येणाऱ्या स्कूटरवाल्यांना घातलेले शब्द.
एवढ्यासाठी इतकं धुणं?

चौथ्या दिवशी कायतान आला, त्यांचा जुना कंडक्टर.
त्याला दुआ येत नाही,
वाटेत कुठेतरी आपली मेणबत्ती लावून आला होता.
बराच वेळ नुसता उभा राहिला.
मग खिशातून नाणं काढलं
आणि कॉटच्या लोखंडी दांड्यावर दोनदा ठोकलं.
टण टण. चल.
अब्बांच्या डोळ्यांतून पाणी आलं.
पाऊल हललं नाही.
सिस्टर धावत आली, म्हणाली,
हळू, पलीकडे पेशंट झोपलाय.

आज तीनच्या सुमारास मला जाग आली.
अम्मी स्टुलावर, त्यांच्या डाव्या अंगाला, बसल्या बसल्या पेंगलेली.
मांडीवर फुंकर घातलेल्या पाण्याची बाटली,
मुठीत तिचं झाकण.
अब्बांचा चांगला हात चादरीखालून निघाला,
चाचपडत, आधी स्टुलाची कड,
मग ओढणी,
आणि तिच्या गुडघ्यावर येऊन थांबला.
त्याच गुडघ्यावर, ज्याच्याबद्दल ती कधी कोणाला बोलली नाही.
माझ्याकडून मलम न्यायची, तेही
शेजारच्या जुलेखाला हवंय म्हणून.

तो डावा हात होता.
उजवा हवा, उस्ताद म्हणाले असते.

ओठ हलले. आवाज नव्हता.
एकदा.
दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडकले,
चढावर गिअर न पडावा तसे.
मी तिसऱ्याची वाट पाहिली.
बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, मग आणखी एक.

तिसऱ्यांदा मीच म्हटलं.
हळू.
पलीकडे पेशंट झोपला होता.