सहावं गाणं, किंचित उशिरा

संध्याकाळी सहापर्यंत तीनशे शब्द, म्हणाली मनाना,
आणि तारे किती ते वेगळं कळव,
पानावर त्यांची जागा ठरलेली आहे.
मी किटली चढवली. खिडकीबाहेर बातुमीचं बंदर,
धुक्यात बुडालेल्या क्रेनच्या माना,
आणि कानात त्सिराचा तिसरा अल्बम.

पहिलं गाणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल:
व्हायोलिनं, टाळ्या, कुठल्याशा स्टेडियमचा उसना गलका.
दुसऱ्यात ती हॉटेलच्या लिफ्टमध्ये रडते,
एकविसाव्या मजल्यापर्यंत, चांगल्या उजेडात.
(‘चांगल्या उजेडात’ टिपून ठेवलं. लोकांना आवडेल.)
तिसरं इस्तंबूलमध्ये शिजवलेलं, चौथं तेच परत गरम केलेलं.
पाचव्यात तीन गीतकार, दोन भाषा
आणि कल्पना एकच, तीही मागून आणलेली.

मला हे जमतं. बारा वर्षं झाली,
सुरी कुठून फिरवली की कमी रक्त येतं
ते पाठ आहे.
सलूनमधला रेवाझ गिऱ्हाइकाच्या एकाच गालाला साबण लावून
माझा अख्खा परिच्छेद ऐकवतो म्हणे.

मग सहावं.
नुसता पियानो, तोही जरासा उतरलेला.
आणि ती आत येते, उशिरा.
थोडीशीच. दारात ओला कोट काढायला लागतो
तेवढा उशीर.
मी गाणं मागे नेलं. पुन्हा उशीर.
दर ओळीला, मोजून तेवढाच.

हा उशीर माझ्या ओळखीचा.
खलाशांच्या क्लबातला बालवृंद,
वीज दिवसाआड यायची तो हिवाळा,
रॉकेलच्या शेगडीभोवती सोळा मुलं
आणि मी, हातात छडी नसूनही असल्यासारखा.
शेवटच्या रांगेत, भावाच्या जाकिटाच्या बाह्या दुमडलेली एक मुलगी
दर कडव्याला सगळ्यांच्या मागून पोचायची.
मी तिला म्हटलं होतं,
स्पर्धा तोंडावर आली होती म्हणून म्हटलं होतं:
त्सिरा, तू नुसते ओठ हलव.
तिनं हलवले. आमचा दुसरा नंबर आला.
कप अजून क्लबात आहे, त्यात कुणीतरी किल्ल्या ठेवतं.

पहिल्या दोन अल्बमांत हा उशीर नव्हता.
यंत्रापुढे बसून कुणीतरी खरवडला असणार,
माशाचे खवले काढावेत तसा.
इथं राहू दिलाय.

मग मी जे केलं ते समीक्षकानं करू नये:
शब्दांत स्वतःला शोधत बसलो.
मागची रांग, रॉकेल, एखादा मास्तर,
निदान एखादी शिवी.
चार वेळा ऐकलं. काही नाही.
गाणं एका माणसाचं आहे, जो भंगाराचा ट्रक घेऊन
त्राब्झोनला गेला आणि तिथलाच झाला.
मी त्यात कुठेच नाही. टाळीपुरताही नाही.
हायसं वाटलं म्हणावं, तर चहा गार झाला होता
आणि मी तो तसाच प्यालो.

पावणेसहा. मनानाचा फोन: तारे?
पाचांतले साडेतीन, म्हटलं.
अर्धा आपण छापत नाही, नोदार.
मग तू ठरव, म्हटलं, आणि शेवटची ओळ खोडली,
पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.
छापायला गेलं ते एवढंच:
सहाव्या गाण्यात गायिका तालाच्या मागे आहे.
ही ध्वनिमुद्रणाची चूक नव्हे.

कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघालो तर
जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची तेकला, वय वर्षं नऊ,
तेच गाणं म्हणत उतरत होती,
अगदी वेळेवर, पायरीगणिक एक शब्द.
थांब जरा, मी म्हटलं, आणि मग घे.
तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तुम्हाला काय कळतंय गाण्यातलं, म्हणाली,
आणि वेळेवर खाली पोचली.