एका किलोत

डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदाखाली
एक शंभरपानी वही आहे.
डावीकडे किलोमीटर, उजवीकडे सीएनजीचे किलो
आणि मधे तो आकडा, ज्याच्यावर आमचं घर चालतं.

एसी बंद : एकोणतीस.
एसी चालू : चोवीस, नशीब असेल तर पंचवीस.
मधले चार-पाच किलोमीटर कुठं जातात
मला ठाऊक आहे.
ते मागच्या सीटवर बसून फोनवर बोलतात,
आणि मधेच म्हणतात, "दादा, जरा वाढवा ना."

हिंजवडीचं भाडं उतरलं
की पहिला हात त्या बटणावर.
चारी काचा खाली.
मग वाकडच्या सिग्नलला
मे महिना आत येऊन बसतो,
भाडं न देता.

शेडगे म्हणतो, गावात काचा उघड्या ठेव,
पण हायवेला लागलास की लाव गुमान.
ऐंशीच्या पुढं उघड्या काचेतनं वारंच
गाडीला मागं ओढतंय.
रज्जाक म्हणतो, सगळं उजव्या पायात असतं,
डोकं थंड तर पाय हलका.
(रज्जाकचं थंड डोकं मी स्वारगेटला पाहिलंय,
एका स्कूटीवाल्याशी बोलताना.)
तिसरा एक होता, नवले पुलाच्या उतारावर
न्यूट्रल टाकायचा, गॅस वाचवायला.
आता तो रिक्षात मागं बसतो.
काठी मांडीवर आडवी.

मी उतारावर गिअर सोडत नाही.
मी फक्त काचा खाली करतो.
पाठीवर शर्टात मिठाचा नकाशा उमटतो,
शालन तो रोज धुते,
कुठला देश, ते विचारत नाही.

तो गुरुवार होता. गुरुवारी वीज जाते.
आंबेगावात आमची पत्र्याची खोली,
पंखा थांबला
की पत्रा बोलायला लागतो, कड्, कड्.
तेजलची सीईटी सोमवारवर आलेली.
ती पुस्तकं छातीशी धरून खाली आली,
मागचं दार उघडून बसली, भाड्यासारखी,
आणि म्हणाली, "पप्पा, लावा ना."

मी चावी घेऊन उभा.
उभ्या गाडीचा एसी!
चाक फिरणार नाही आणि गॅस जाणार,
हे वहीत लिहायचं कसं?
"शून्य," ती म्हणाली, वर न बघता.
"शून्याला दोननं भागा, दहानं भागा. शून्यच."

लावला.
मी पाण्याच्या टँकरच्या सावलीत उकिडवा बसलो.
काचेपलीकडं तिचे ओठ हलत होते,
इंजिन हळू पुटपुटत होतं,
जसं काही तेही पाठ करतंय.
वाघमोडे जाता जाता म्हणाला,
"हनुमंता, गाडी चालू राहिली बघ."
असू दे म्हटलं.

चारला तिनं काच बोटभर खाली केली.
गार हवेची एक पट्टी बाहेर आली,
माझ्या मनगटाला लागली
आणि तिथंच मे होऊन गेली.
"तुम्ही पण या आत."
"मला त्या वासानं मळमळतं," मी म्हणालो.
बारा वर्षं त्याच वासात पोट भरतोय,
ती हसली नाही, काच वर केली.

रात्री वही काढली.
किलोमीटर : कालचेच.
किलो : दोन, वर थोडं.
मधल्या रकान्यात शून्य लिहायला पेन टेकवला
तर तिथं आधीच पेन्सिलीनं, तिच्या बारीक अक्षरात :
हा दिवस सरासरीत धरू नका.

मी धरला.
हिशोब तो हिशोब.
महिन्याचं ॲव्हरेज अर्ध्यानं उतरलं.
पेन्सिल मात्र खोडली नाही.

शुक्रवारी पहाटे विमानतळाचं भाडं.
बाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "दादा, एसी."
लावला.
एकवर.