परिच्छेद चौदाचे अनुपालन

साहेब,
आपण लिहिलंत: बोरगव्हाण प्राथमिक आरोग्य केंद्र,
दारूविषयक समुपदेशन, खर्च अठरा हजार सहाशे चाळीस,
निष्पत्तीचा पुरावा आढळून येत नाही,
खुलासा सादर करावा.

सादर करतो.

पैसे गेले ते असे:
रेणापूरहून सिस्टर नसरीनचं बसभाडं, दर बुधवारी,
दोनशे छापील अर्ज, एक हिरवा पडदा,
मोडक्या खुर्चीचा चौथा पाय,
आणि चहा. चहाची पावती साध्या कागदावर आहे,
हॉटेलवाल्याकडं शिक्का नाही,
त्याबद्दल वेगळा आक्षेप घ्यावा, मान्य आहे.

पडद्याआड काय चालतं तेही लिहितो.
दंडाला बीपीचा पट्टा आवळता आवळता सिस्टर विचारते,
"किती घेता?"
रागावत नाही. लेकराबाळांची शपथ घालत नाही.
दहा मिनिटं बोलते, पुढच्या बुधवारी या म्हणते.
तिच्या पगाराला मिनिटांनी भागलं
तर एका माणसामागं छत्तीस रुपये पडतात.
क्वार्टर त्याहून महाग आहे, साहेब,
आणि ती रोज लागते.

आता निष्पत्ती.
बंकट सुरवसेचा उजवा हात.
यंदाच्या सुगीत तो मळणीयंत्रात गेला नाही.
हा हात मी जोडपत्र म्हणून कसा जोडू?
तो यंत्राबाहेर आहे, सोयाबीन ढकलूलालाय,
सांजच्याला तंबाखू मळूलालाय.
धुरपताबाईच्या डोरल्याचा दाखला
सोनाराच्या वहीत मिळायचा नाही,
ते गहाण पडलंच नाही.
रुग्णवाहिकेचं डिझेल तपासा,
फाल्गुनात लातूरच्या दोन फेऱ्या कमी आहेत.
ड्रायव्हर म्हणतो, "झोपूलालतो की लिंबाखाली, अजून काय."
त्याच्या झोपेचं व्हाउचर कोणत्या शीर्षाखाली घालू?

बंकटची थोरली, सहावीतली,
चपलेच्या आवाजावरून सांगायची
आज ताटं घ्यायची की शेजारी पळायचं.
यंदा ती विद्या विसरली.
विसरण्याला आपल्याकडं रजिस्टर नाही.

खोटं लिहीत नाही.
एकेचाळीसपैकी अकरा जणांनी कमी केली, दोघांनी सोडली.
बाकीचे चहा पिऊन गेले.
गावानं दुकानदाराला पारावर बसवून
थांब्याजवळचं शटर दहाऐवजी आठला ओढायला लावलं,
तर लिंबाजी वाघमोडे सायकल काढून फाट्यावर गेला
आणि सकाळी कॅनॉलच्या पुलाखाली सापडला.
तो माझ्या बेरजेत आहे.
वजा केलेला नाही.

आपण आणखी एक विचारलंत, तोंडी,
डबा खाताना:
शटर लवकर पडलं, सरकारचा महसूल बुडाला, त्याचं काय?
बुडाला, साहेब.
त्यातूनच आपला दौरा भत्ता निघतो, माझा पगार,
हा कागद, ही शाई,
नसरीनचं बसभाडंसुद्धा.
हे गणित मी तीनदा मांडलं.
दरवेळी हातचा उरतो
आणि कुठं मिळवायचा ते कळत नाही.

एक बाब नस्तीत नाही.
ऑगस्टात मी स्वतः तापानं फणफणून तिथं गेलो होतो.
पट्टा आवळून तिनं मलाही विचारलं.
म्हटलं, कधीतरी.
तिनं ते लिहून घेतलं नाही.
पेन तसंच कागदावर टेकवून थांबली.
बाहेर शिपाई पुढचा नंबर पुकारत होता,
पंखा खडखडत होता,
माझ्या दंडातली हवा हळूहळू सुटत होती.
त्या थांबण्याला कोणता दर लावायचा
ते दरपत्रकात नाही.

सबब आक्षेप वगळण्यात यावा, ही विनंती.
सहपत्रे: निरंक.

ता. क.
आणखी काही विचारायचं असल्यास गुरुवारी यावं.
बुधवारी दुपारी मी जागेवर नसतो.