आटे

व्हॉल्व्ह उघडायला सत्तावीस आटे लागतात.
धनकवडीच्या चढावर, रसवंतीमागच्या चेंबरमध्ये
वाकून, लोखंडी चावी कमरेशी धरून
एकोणीस वर्षं मी ते मोजत आलोय.
चोविसाला थांबलो तर वरच्या सोसायट्यांचे फोन येतात,
अठ्ठाविसावा मारला तर स्पिंडल सुटतो
आणि मग साहेबही सुटतात.

आता म्हणे व्हॉल्व्ह आपोआप उघडणार,
तुम्ही फक्त कॉम्प्युटर शिकून घ्या.
म्हणून मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सात,
बालाजीनगरात झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा,
सहा मशीन, त्यातली चार चालू,
आणि शिकवायला ऋजुता, माझ्या धाकटीहून लहान.

ती म्हणाली, काका, व्हाइल म्हणजे जोवर.
फळ्यावर लिहिलं:
जोवर आटे सत्तावीसपेक्षा कमी
तोवर चावी फिरवा,
आट्यांत एक मिळवा,
परत वर जा, परत विचारा.
मी म्हटलं, हे मला येतं.

येत नव्हतं.
‘एक मिळवा’ ही ओळच लिहायची राहिली.
मशीन जागच्या जागी फिरवत सुटलं,
शून्य शून्य शून्य शून्य
पडदा भरून वाहायला लागला, आतला पंखा घोंघावला,
शेजारचा निहाल म्हणाला, काका, टाकी ओव्हरफ्लो!
ऋजुतानं कंट्रोल आणि सी दाबलं.
दोन बोटं. बस.

मला एक रात्र आठवली.
नवव्या आट्याला बायकोचा फोन आला, दवाखान्यातून,
मी बोलत राहिलो, हात फिरत राहिला, मोजणं राहिलं.
उजाडता उजाडता शाळेच्या पटांगणात
घोटाभर पाणी आणि त्यात तरंगणारी एक चप्पल.
आकडा पुढे सरकला नाही की असंच होतं.
अट बिचारी दर खेपेला विचारते,
दर खेपेला तेच उत्तर ऐकते,
आणि तिला शंका येत नाही.

अजून एक सांगितलं तिनं, खडूचे हात ओढणीला पुसत:
अट वरच तपासतात, फक्त वर.
मध्येच काही बिनसलं तरी आतल्या ओळी पुऱ्या होतात,
विचारपूस नंतर.
आमच्या ऑफिसात तसंच आहे, मी म्हटलं. ती हसली.

मग तिनं अट बदलली.
जोवर प्रेशर दोनपेक्षा जास्त, तोवर पाणी सोडा.
सांगा काका, प्रेशर किती?
सवयीनं तोंडातून गेलं, एक पॉइंट चार.
एंटर.
काहीच झालं नाही. कर्सर लुकलुकत बसला.
चुकलं का?
नाही हो. अट पहिल्याच वेळी खोटी निघाली,
मग आत शिरायचंच नाही.
एकदाही?
एकदाही नाही. एररसुद्धा येत नाही,
प्रोग्राम गुपचूप खालच्या ओळीवर जातो.

एक पॉइंट चार म्हणजे आंबेगाव पठारावरची शेवटची गल्ली.
पत्र्याच्या दारांपुढे हंडे, निळी पिंपं,
आणि पावणेचारला, कानावरून शाल घेतलेल्या
सुगंधाबाई ठोंबरे. आज हाय का?
मी गेज बघतो. मान हलवतो.
गाडीला किक मारतो.
वहीत त्यांची तक्रार नाही,
वहीत त्यांची गल्लीच नाही.

दुसरी काही तऱ्हा नाही का, मी विचारलं.
आहे की, ती म्हणाली,
आधी एकदा करायचं, मग अट विचारायची.
पण ते पुढच्या मंगळवारी.

पुढच्या मंगळवारी माझी नाइट लागली.
शेवटच्या गल्लीत बॅटरी न लावताच
मी चावी बसवली आणि मोजायला लागलो.
सत्तावीस.
नळानं आधी हवा सोडली, जुनाट खोकल्यासारखी,
मग गढूळ, मग बरं.
सुगंधाबाईंचे अडीच हंडे झाले.
मग मी गेज बघितला.